ताराबाई मोडक यांचे चरित्र

बालवर्ग चालविणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंनी व मंडळ्यांतील मातांनी जिचे चरित्र अवश्य जाणावे, अशी एक स्त्री आपल्या शेजारच्याच मुलखात होऊन गेली. डोळखांबकडील कित्येकांनी तिचे नाव ऐकले असेल. तिने काय केले हे थोड्यांसच ठाऊक आहे.

ताराबाईंचा जन्म तारीख १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजी असल्यामुळे मुलीच्या शिक्षणास घरून आडकाठी झाली नाही. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीच्या एका वकिलाशी विवाह झाला. परंतु १९२१ साली तो संसार मोडला. त्या काळी अशा स्त्रीकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहत, हे वाचकांस सांगावयास नको. राजकोटास काही काळ नोकरी करून १९२३ साली त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ साली उभयतांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला.

परंतु शहरातील सुखवस्तू मुलांकरिता केलेली ही शाळा गरिबाच्या झोपडीपर्यंत कशी जावी? ही टोचणी त्यांस स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम आरंभिले. तेथे अनुताई वाघ त्यांस मिळाल्या. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. (तो भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.) महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया व पाने आली. आणि गाणे तर फुकटच होते!

पाड्यावरील मुलास शाळेची भाषा परकी वाटते. प्रश्न विचारताच ते खाली मान घालते. आमच्या ठाकूर-कातकरी लेकरांचे आम्ही हेच पाहतो. मेळ्याने गाताना मात्र कोणा एकाकडे बोट नसते, म्हणून भीड चेपते. शब्दासोबत हात हलला की अर्थ कळतो. बोटे मोडीत गायिले की मोजणी येते. दोन ओळींचा शेवट सारखा वाजला की कान ध्वनी निवडू लागतो, आणि पुढे अक्षरओळखीस हेच लागते. १९८९ साली ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी चौसष्ट मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तिसऱ्या वर्षी ज्यांस बालगीते अधिक येत होती, ती मुले पुढे वाचनात पुढे असल्याचे दिसले. पाटी हाती येईपर्यंत गाणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे एके काळी आम्हीही समजत होतो.

तरीही कित्येक मुले येत ना. मोठी बहीण धाकट्यास कडेवर घेऊन घर राखी. ती शाळेस कशी येणार? तेव्हा ताराबाईंनी शाळाच तिच्या अंगणात नेली व तीस अंगणवाडी म्हटले. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. १९६२ साली सरकारने ताराबाईंस पद्मभूषण दिले. तारीख ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, १९७५ च्या ऑक्टोबरात, सरकारने बालविकासाची योजना देशभर काढली व तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले.