भयकथाकार नारायण धारप

नारायण धारप यांचा जन्म २७ ऑगस्ट १९२५ रोजी झाला. ते विज्ञान शिकलेले, तरी त्यांनी भुताखेतांच्या पुष्कळ कथा लिहिल्या. त्यांचे ‘समर्थ’ संकटातल्या माणसांना सोडवतात. २००८ साली ते वारले.

मामांनी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून त्यांचे पुस्तक आणले. मी ते चोरून वाचले. त्यात भूत लवकर येतच नाही. आधी साधे घर, साधी माणसे, मग मनात शंका. तिथेच घाम फुटतो, पण पुस्तक ठेववत नाही!

रात्रीची लाईट असली की आप्पा मोटार लावायला एकटेच मळ्यात जातात. मी भिऊन कधी गेलो नव्हतो. वाटले, भीती मनातच असेल तर बघूच. बॅटरी घेऊन मागे गेलो. विहिरीपाशी काहीतरी हलले. केळीचे पान होते. आप्पांचा हात मात्र सोडला नाही.