जसा विषय तशी वाणी : कै. रे. नारायण वामन टिळक

रे. टिळकांचे अभंग आपण गातों. त्यांच्या चरित्रांत शास्त्रवाचनाचाही एक धडा आहे, तो आम्ही येथें सांगतों.

त्यांचा जन्म इ. स. १८६१ त कोंकणांत करजगांवीं झाला. १८९५ त मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. घरदार सुटलें, कांहीं वर्षें पत्नीचाही वियोग झाला. परंतु वाडवडिलांची वाणी त्यांनीं सोडिली नाहीं. प्रार्थनेस त्यांनीं अभंग योजिला, उपदेशास कीर्तन, फुलामुलांस लहान कविता. आणि प्रभूचें समग्र चरित्र सांगण्यास ओवी घेऊन ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें. १९१९ त ते प्रभूजवळ गेले. अपुरा ग्रंथ लक्ष्मीबाईंनीं पुरा केला. तो १९३८ त प्रसिद्ध झाला.

पवित्र शास्त्रांतही असेच प्रकार आहेत. स्तोत्र हें गीत, राजांचा वृत्तांत हा इतिहास, पेरणाऱ्याची गोष्ट हा दाखला. अभंग व कीर्तन यांतील भेद जाणणाऱ्या शेतकऱ्यास हा भेद कठीण नाहीं. दाखल्यास इतिहास समजणारा उपदेशक पेरणाऱ्याचें नांवगांव शोधीत बसतो, आणि बीं वाटेवरच राहतें.

म्हणून उपदेशक बंधूंनो, रविवारीं शास्त्र उघडतांना हें गीत कीं इतिहास, दाखला कीं पत्र, हें आधीं पाहावें, अशी आमची विनंति आहे.