संतचरित्रकार महिपतीबोवा ताहराबादकर

भक्तविजयाची पोथी नाही असे वारकऱ्याचे गाव विरळा. चातुर्मासात दिवेलागणीला देवळात समई लागते, पोथी चौरंगावर येते, आणि बायाबापड्या हातातली कामे टाकून ऐकावयास बसतात. तेरचा गोरा कुंभार, अरणचा सावता माळी, मंगळवेढ्याचा चोखामेळा, पंढरीचा नरहरी सोनार ही सगळी मंडळी आपल्याला सोयऱ्याधायऱ्यांसारखी ओळखीची वाटतात. पण ही ओळख आपल्याला करून कुणी दिली, असे विचारले तर पुष्कळांना चटकन सांगता येत नाही. ज्याने सर्वांचे चरित्र सांगितले त्याचे स्वतःचे चरित्र मात्र मागे राहिले. वाचकहो, ते आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

नगर जिल्हा म्हणजे संतांचे माहेरच. नेवाशास श्रीज्ञानोबारायांनी ज्ञानेश्वरी सांगितली, श्रीगोंद्यास शेख महंमदबाबा झाले, पारनेर तालुक्यात पिंपळनेरास निळोबाराय झाले. याच जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यात ताहराबाद नावाचे गाव आहे. तेथे शके १६३७, म्हणजे इ. स. १७१५ साली महिपतीबोवांचा जन्म झाला. वडिलांचे नाव दादोपंत, मातोश्रींचे गंगाबाई. घराणे देशस्थ ऋग्वेदी, आडनाव कांबळे. दादोपंत पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते, आणि त्यांना हा मुलगा उतारवयात झाला असे परंपरा सांगते. तेव्हा विठ्ठलाचे नाव बोवांना पाळण्यातच मिळाले म्हणावयाचे.

घरी गावचे कुळकर्णपण होते. आजच्या पोरांना कुळकर्णी म्हणजे नुसते आडनाव वाटेल. पण त्या काळी कुळकर्णी हा गावगाड्याचा मोठा आस होता. कुणाची जमीन किती, कुणाकडे सारा किती, वसूल किती आला, थकला किती, हे सगळे त्याच्या दप्तरात. त्याच्या बोरूच्या एका रेघेने कुणाचे घर उभे राही, तर कुणाचे बसे. काम मानाचे, पोटाची ददात नाही. हा बोरू महिपतीबोवांच्या हाती वडिलार्जित आला आणि तो त्यांनी नेकीने चालविला.

पुढे एक गोष्ट घडली. बोवा एके दिवशी श्रीविठ्ठलाच्या पूजेस बसले होते. तेवढ्यात जहागिरदाराचा शिपाई दारात आला आणि कचेरीत काम निघाले आहे, लगेच चला, म्हणून हुकूम सोडला. पूजा आटोपून येतो, असे बोवांनी सांगितले. शिपायाला कसला धीर! तो वाटेल तसे बोलू लागला. बोवा पूजेवरून उठले, कचेरीत गेले, जे काम होते ते चोख करून दिले, आणि घरी परत आले. मग त्यांनी तो बोरू देवाच्या पायाशी ठेवला आणि नेम केला की यापुढे ही लेखणी कुणाच्या चाकरीत चालावयाची नाही. चालली तर फक्त संतांची चरित्रे लिहिण्यास चालेल. त्यांच्या वंशजांनीही सरकारी चाकरी न करण्याचा नेम पाळला, असे परंपरा सांगते.

सज्जनहो, यात एक बारीक गोष्ट पाहावयाची आहे. बोवांनी त्या शिपायाशी भांडण केले नाही, आणि गावचे कामही अर्धवट टाकले नाही. आधी कर्तव्य पुरे केले, मग बेडी तोडली. आणि तोडली ती काही भरल्या पोटी तोडलेली नव्हे. पिढीजात मिळकतीची लेखणी खाली ठेवावयाची म्हणजे घरच्या चुलीचा प्रश्न उभा राहतो. प्रपंच असलेल्या माणसाने असा नेम करणे किती कठीण, हे प्रपंच करणारालाच कळेल.

श्रीतुकोबारायांना महिपतीबोवा गुरू मानीत. तुकोबारायांचे निर्याण १६५० सालचे, म्हणजे बोवांच्या जन्माआधी पासष्ट वर्षे. तेव्हा भेट झाली ती स्वप्नात, आणि तेथेच संतचरित्रे लिहिण्याची आज्ञा झाली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. मग ती लेखणी जी चालली ती थेट म्हातारपणापर्यंत. संतलीलामृत १७५७ साली पुरे झाले, भक्तविजय १७६२ साली आणि भक्तलीलामृत १७७४ साली. भक्तविजयाचे सत्तावन अध्याय आहेत, भक्तलीलामृताचे एक्कावन. भाषा अशी सोपी की अक्षरशत्रू म्हातारीलाही अर्थ विचारावा लागत नाही.

त्यांनी कुणाकुणाला लिहिले ते पाहा. मंगळवेढ्याचे दामाजीपंत घ्या. दुष्काळात माणसे अन्नान्न करून मरत होती आणि बेदरच्या पादशहाची कोठारे भरलेली होती. दामाजींनी स्वतःच्या शिराची पर्वा न करता ती कोठारे लोकांना मोकळी केली. पैठणचे एकनाथमहाराज घ्या. गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे महाराचे लेकरू त्यांनी कडेवर घेऊन घरी पोचते केले, आणि रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घातले. निळोबारायांच्या मुलीच्या लग्नात तर खुद्द देवच गडी होऊन पडेल ते काम करावयास आला. अशा कथा बोवांनी आवडीने सांगितल्या. वर श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान, चोखोबा महार, जनाबाई दासी, कान्होपात्रा कळवंतिणीची लेक, हे सर्व एकाच पोथीत, एकाच पंगतीला बसविले. लिहिणारा ब्राह्मण कुळकर्णी, काळ पेशवाईचा, हे ध्यानात आणले म्हणजे या पंगतीचे मोल कळते.

आणि ही चरित्रे आपल्या पदरची नाहीत, हे सांगावयास बोवा विसरले नाहीत. उत्तरेकडे नाभाजींनी आणि माणदेशात उद्धवचिद्घनांनी संतचरित्रे लिहिली होती, ती एकत्र करून आपण सांगत आहो, असे त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच कबूल केले आहे. पुढे इतिहास शोधणाऱ्या विद्वानांना त्यांच्या सनावळ्या व काही हकीकती पटल्या नाहीत. ते त्यांच्या जागी ठीकच आहे. बोवांनी लोकांच्या तोंडी आणि जुन्या पोथ्यांत जे सापडले ते जपले. ते जपले नसते तर शोधणारांनी शोधावयाचे तरी कशात?

काळ कसा होता तेही पाहिले पाहिजे. १७६१ साली पानिपतावर घरोघरची माणसे पडली, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी भक्तविजय पुरा झाला. बखरकार सरदारांचे पराक्रम लिहीत होते, आणि ताहराबादेस एक माणूस कुंभाराची, माळ्याची, न्हाव्याची चरित्रे लिहीत बसला होता. याच जिल्ह्यात जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी बोवांपेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या अहिल्याबाई होळकर जन्मल्या. त्यांनी तीर्थोतीर्थी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, आणि २०२४ साली सरकारने जिल्ह्यालाच अहिल्यानगर हे नाव दिले. दगडाची सेवा डोळ्यांना दिसते, तिची आठवण राहते. ज्यांची सेवा दिसत नाही त्यांची आठवण ठेवण्याचे काम महिपतीबोवांनी केले.

संतविजय हा त्यांचा अखेरचा ग्रंथ अपुराच राहिला. शके १७१२, म्हणजे इ. स. १७९० साली, श्रावण वद्य द्वादशीस बोवांनी देह ठेवला. वय पंचाहत्तर. ताहराबादेस त्यांच्या विठ्ठलाचे देऊळ आहे. पुढे जस्टिन अ‍ॅबट नावाच्या अमेरिकन पाद्र्यांनी पंडित नरहर गोडबोले यांच्या साह्याने भक्तविजयाचे इंग्रजी भाषांतर केले. ते १९३३ सालापासून छापून निघाले, आणि आपला गोरोबा, आपला सावतोबा साता समुद्रापार गेला.

आता या चरित्रापासून आपण काय घ्यावयाचे? कुळकर्णपणाच्या वहीत कुणाकडून किती येणे आहे ते लिहावयाचे असते. बोवांनी दुसरी वही घातली, आणि कुणी काय दिले ते तीत लिहिले. आपल्या गावच्या सप्ताहाची वही काढून पाहा. वर्गणीदारांची नावे रकमेसह बिनचूक असतात, आणि ती असावीतही. पण पहाटे उठून देवळाचा सडा घालणारी म्हातारी, पंगतीची उष्टी काढणारा गडी, दिंडीत दुसऱ्याचे फोड आलेले पाय चेपणारा वारकरी, अवघड बाळंतपणाला रात्री-अपरात्री धावणारी शेजारीण, यांचे नाव कुठल्या वहीत आहे? ती माणसे मान मागत नाहीत, म्हणून आपण देत नाही. मग एके दिवशी ती जातात, आणि दहाव्याला आपण हळहळतो.

नुसता हार घालून भागावयाचे नाही. हार संध्याकाळपर्यंत सुकतो. त्यांच्यापाशी बसावे, काय केले ते विचारावे, जसे घडले तसे लिहून ठेवावे, आणि त्यांच्या देखत पोराबाळांना वाचून दाखवावे. ताहराबादच्या कुळकर्ण्याने एवढेच केले. पण त्यासाठी त्याने हातची चाकरी सोडली. आपल्याला चाकरी सोडावयास कुणी सांगत नाही. येत्या सप्ताहाच्या वहीत मागची चार पाने कोरी ठेवली तरी पुरे. ती कुणाच्या नावाने भरावयाची, हे गावाला ठाऊक आहे.