फ्रँक व्हिटल

सर फ्रँक व्हिटल (१ जून, १९०७:कॉव्हेंट्री, इंग्लंड - ९ ऑगस्ट, १९९६:कोलंबिया, मेरीलँड, अमेरिका) हे ब्रिटिश हवाई दलातील अधिकारी, वैमानिक व अभियंते होते. जेट इंजिनाच्या जनकांमध्ये त्यांची गणना होते.

प्रारंभीचे जीवन

व्हिटल यांचे वडील यंत्रकारागीर होते. लेमिंग्टन स्पा येथील त्यांच्या लहानशा कारखान्यात फ्रँक यांना यंत्रांची ओळख झाली. उंची कमी असल्याने हवाई दलाने त्यांना आधी नाकारले होते. अखेर १९२३ मध्ये ते शिकाऊ कारागीर म्हणून दाखल झाले व १९२६ मध्ये क्रॅनवेलच्या हवाई दल महाविद्यालयात त्यांची निवड झाली. तेथे १९२८ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी विरळ हवेतून अतिवेगाने होणाऱ्या उड्डाणाचा विचार मांडला. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी जेट इंजिनाच्या एकस्वासाठी अर्ज केला, परंतु हवाई मंत्रालयाने त्यात रस घेतला नाही. १९३५ मध्ये नूतनीकरणाचे पाच पौंड भरणे न जमल्याने ते एकस्व संपुष्टात आले. त्या वेळी व्हिटल केंब्रिजमध्ये शिकत होते. पुढच्याच वर्षी मित्रांच्या साहाय्याने 'पॉवर जेट्स' ही कंपनी स्थापन झाली.

पहिले इंजिन

१२ एप्रिल, १९३७ रोजी रग्बी येथे इंजिन प्रथम चालवण्यात आले. विद्युत मोटरने ते फिरवून आत ज्योत पेटवण्यात आली आणि व्हिटल यांनी मुख्य इंधनझडप उघडली. इंजिनाची गती एकाएकी वाढू लागली. झडप बंद केल्यावरही ती थांबेना. कर्कश आवाज करीत ते मिनिटाला सुमारे ८,००० फेऱ्यांपर्यंत गेले. आसपासचे लोक पळाले, व्हिटल मात्र जागेवरच राहिले. चाचणीपूर्वी ठिबकलेले इंधन ज्वलनकोठीत साचले होते व झडप मिटल्यावरही तेच जळत होते. त्यानंतर साचलेले इंधन बाहेर काढणारी निचरा नळी बसवण्यात आली.

ही अडचण त्या एका इंजिनापुरती नव्हती. आजच्या प्रवासी विमानातही इंधन सोडूनही ते पेटले नाही, तर पुरवठा तोडून इंजिन नुसतेच फिरवतात आणि साचलेले इंधन हवेने बाहेर घालवल्यावरच पुन्हा प्रयत्न करतात.

तापमानाची मर्यादा

१५ मे, १९४१ रोजी ग्लॉस्टर ई.२८/३९ हे विमान व्हिटल यांच्या इंजिनावर क्रॅनवेलहून उडाले. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांच्या इंजिनावरील विमान त्याआधीच, २७ ऑगस्ट, १९३९ रोजी उडाले होते. व्हिटल यांच्या इंजिनाची रचना याहून अधिक गतीची असली, तरी या उड्डाणासाठी ती मिनिटाला १६,५०० फेऱ्यांवर मर्यादित ठेवण्यात आली. त्यातून सुमारे ३९० किलोग्रॅम रेटा मिळे. तप्त वायूत वेगाने फिरणारी टरबाइनची पाती टिकवणे हाच खरा प्रश्न होता. निकेलची उष्णतारोधक मिश्रधातू उपलब्ध झाल्यावर तो पुष्कळसा सुटला.

उड्डाणाच्या रेट्यावर आजही मर्यादा असते. पूर्ण रेटा सामान्यतः पाच मिनिटे, व एक इंजिन बंद पडल्यास अनेक विमानांत दहा मिनिटे वापरता येतो. बोईंग ७३७ च्या सीएफएम५६-७बी इंजिनात निष्कास वायूचे तापमान उड्डाणवेळी ९५० अंश सेल्सियसपर्यंत चालते, पण इंजिन सुरू करताना केवळ ७२५ अंशांपर्यंतच. सुरुवातीला संपीडक संथ फिरत असल्याने पात्यांना थंड ठेवणारी हवा अपुरी असते. म्हणून ही मर्यादा अधिक कडक.

उत्तरायुष्य

व्हिटल यांच्या रचनेवर आधारित इंजिने बसवलेली ग्लॉस्टर मीटिअर विमाने जुलै १९४४ मध्ये हवाई दलात आली. त्याच वर्षी सरकारने पॉवर जेट्स ताब्यात घेतली. हा निर्णय व्हिटल यांना जिव्हारी लागला. अतिश्रमांनी त्यांची प्रकृतीही ढासळली होती. १९४८ मध्ये ते एअर कमोडोर पदावरून निवृत्त झाले; त्याच वर्षी त्यांना एक लाख पौंडांचे पारितोषिक व 'सर' हा किताब मिळाला. १९७६ मध्ये ते अमेरिकेत स्थायिक झाले. १९९१ चे ड्रेपर पारितोषिक त्यांना व फॉन ओहाइन यांना एकत्रितपणे देण्यात आले. मृत्यूनंतर त्यांच्या अस्थी क्रॅनवेल येथे ठेवण्यात आल्या.