सेगासाठी सर्वस्व

आमच्या खामगावात पोरे ज्याला व्हिडिओ गेम म्हणत, तो बहुधा नकली डबा असे. अस्सल सेगाचे यंत्र 1995 साली शॉ वॉलेसने भारतात आणले. पण ते घेण्याची ऐपत किती जणांची? मला मात्र यंत्रापेक्षा त्यामागच्या इसाओ ओकावा या माणसाचे कुतूहल अधिक.

ओकावांचा जन्म 1926 चा, ओसाकाचा. 1968 मध्ये त्यांनी संगणकसेवा पुरविणारी सीएसके ही कंपनी काढली आणि 1984 मध्ये सेगा विकत घेण्यात पुढाकार घेतला. मेगा ड्राइव्हचे दिवस भरभराटीचे गेले, पुढे सॅटर्न पडले. 1998 च्या ड्रीमकास्टवर सारी भिस्त होती. तोच 2000 मध्ये सोनीचे प्लेस्टेशन-2 आले. यंत्र स्वस्तात द्यायचे आणि खेळांवर वसूल करायचे, असा हा धंदा. खेळ खपले नाहीत की विकलेल्या यंत्रागणिक खड्डा वाढतो.

31 जानेवारी 2001 रोजी सेगाने ड्रीमकास्ट थांबवून यापुढे दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी खेळ बनविण्याचे जाहीर केले. आजारी ओकावांनी कंपनीला दिलेले कर्ज माफ केले, शिवाय सेगा व सीएसकेचे सुमारे 69.5 कोटी डॉलरचे शेअर्स तिच्या पदरात टाकले. धनिक देवळाला देतात, शाळेला देतात. बुडत्या कारखान्याला असे दान देणारा दुसरा माझ्या तरी पाहण्यात नाही. कुणी याला वेडेपणा म्हणेल. बंद जिनिंगची कुलपे पाहिलेल्या आम्हा वऱ्हाडी माणसांना तसे म्हणवत नाही.

16 मार्च 2001 रोजी ओकावा गेले. त्याच डिसेंबरात सेगाचा निळा सोनिक हाडवैरी निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला.