वृद्धांची सेविका संत झान जुगाँ

फ्रान्स देशांतील कांकाल ह्या कोळ्यांच्या गांवीं १७९२ सालीं झान जुगाँ हिचा जन्म झाला. सां-सेर्व्हां येथील इस्पितळांत राबून ती शुश्रूषा शिकली. १८३९ च्या हिवाळ्यांत एका अंध, अर्धांगानें पिडलेल्या वृद्धेला तिनें उचलून घरीं आणिलें, आपलें अंथरूण दिलें व स्वतः माळ्यावर निजूं लागली. पुढें अनेक वृद्ध आले. त्यांना भीक मागावी लागूं नये म्हणून टोपली घेऊन तीच दारोदार फिरली. १८४३ सालीं तिला प्रमुखपदावरून दूर करण्यांत आलें. अखेरचीं २७ वर्षें ती मठांत अज्ञात राहिली. तीच संस्थापिका, हें तरुण भगिनींना ठाऊकही नव्हतें. १८७९ सालीं ती निवर्तली; २००९ सालीं पोपमहाशयांनीं तिला संतपद दिलें. प्रियजनहो, आपल्या घरच्या वृद्धांना आपण कोणतें अंथरूण देतों?