भाऊ दाजी लाड

डॉ. रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी लाड (१८२२ – मे १८७४) हे मुंबईतील नामवंत वैद्यक, समाजसुधारक आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक होते. शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि हस्तलिखिते या अस्सल साधनांवरून भारताच्या प्राचीन इतिहासाची कालनिश्चिती करणाऱ्या पहिल्या पिढीतील भारतीय संशोधकांत त्यांची गणना होते. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील शिवमंदिराचा शिलालेख वाचून तो प्रसिद्ध करण्याचे आरंभीचे काम त्यांचेच होय.

बालपण आणि शिक्षण

भाऊ दाजींचा जन्म गोव्यातील पेडणे महालातल्या मांद्रे या गावी एका गरीब कुटुंबात झाला. वडील उदरनिर्वाहासाठी मुंबईत आले आणि मुलाला त्यांनी बरोबर आणले. लहानपणीच भाऊंनी बुद्धिबळात असामान्य प्रावीण्य मिळवले. त्यांचा खेळ पाहून प्रभावित झालेल्या एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असा सल्ला वडिलांना दिला. पुढे एल्फिन्स्टन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले. गुजरातेतील बालिकाहत्येच्या रूढीवर लिहिलेल्या निबंधाला पारितोषिक मिळाल्याने त्यांचे नाव झाले आणि त्याच संस्थेत त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा अध्यापन सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले. या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता.

वैद्यकीय व्यवसाय

१८५१ पासून भाऊ दाजींनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि थोड्याच काळात मोठा लौकिक व संपत्ती मिळवली. धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्या सहकार्याने त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत वर्णिलेल्या औषधींचे गुण त्यांनी प्रत्यक्ष रुग्णांवर तपासून पाहिले. महारोगावरील उपचार हा त्यांच्या विशेष आस्थेचा विषय होता. ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे न मानता पडताळून पाहण्याची ही सवय त्यांच्या इतिहाससंशोधनातही दिसते.

सार्वजनिक कार्य

१८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनच्या उभारणीत भाऊ दाजींचा प्रमुख वाटा होता. स्त्रीशिक्षणाचा त्यांनी जाहीर पुरस्कार केला आणि विद्यार्थ्यांच्या साहित्य व विज्ञानविषयक सभेचे ते पहिले भारतीय अध्यक्ष झाले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा आरंभीच्या सदस्यांत त्यांची नेमणूक झाली. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात त्यांनी सुधारकांच्या बाजूने वैद्यकीय साक्ष दिली. १८६९ आणि १८७१ असे दोन वेळा ते मुंबईचे नगरपाल, म्हणजे शेरीफ झाले. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी निधी जमवण्यात डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्या बरोबरीने त्यांनी परिश्रम घेतले. हे संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

इतिहाससंशोधन

भाऊ दाजींच्या काळी प्राचीन भारताचा इतिहास मुख्यतः पुराणे, आख्यायिका आणि प्रवाशांची वर्णने यांवरून सांगितला जाई. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडल्याला तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. अनेक लेखांच्या उपलब्ध नकला सदोष होत्या आणि त्यांवरून काढलेले निष्कर्षही डळमळीत होते. म्हणून मूळ लेखाच्या नव्या, काळजीपूर्वक घेतलेल्या नकला मिळवणे हे भाऊ दाजींनी पहिले काम मानले. व्यवसायातून मिळालेला पैसा त्यांनी याच कामी खर्च केला.

जुनागढचे तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांना त्यांनी १८६१ च्या सुमारास मुंबईस आणले. भगवानलालांनी भाऊ दाजींसाठी देशभर प्रवास करून शिलालेखांच्या नकला, नाणी आणि हस्तलिखिते गोळा केली. गिरनारचे क्षत्रप व गुप्तकालीन लेख, तसेच अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख यांवरील भाऊ दाजींचे निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लेण्यांतील लेखांमध्ये आढळणाऱ्या प्राचीन अंकचिन्हांचाही त्यांनी अभ्यास केला.

प्राचीन ज्योतिर्विदांच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्यभट या नावाचे दोन ग्रंथकार होऊन गेले असून त्यांच्या ग्रंथांची सरमिसळ झाली आहे, हे त्यांनी 'आर्यभटीय' या ग्रंथाची हस्तलिखिते मिळवून दाखवून दिले. कलियुगाची ३६०० वर्षे सरली तेव्हा आपले वय २३ वर्षे होते, असे ग्रंथकारानेच नोंदवले आहे. त्यावरून पहिल्या आर्यभटाचे जन्मवर्ष इ.स. ४७६ निघते. चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेखही त्यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे, आणि भास्कराचार्यांची वंशावळही त्यातून मिळते.

त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. कवी कालिदास आणि 'राजतरंगिणी'त उल्लेखिलेला काश्मीरचा मातृगुप्त या दोन व्यक्ती एकच, असे मत त्यांनी मांडले होते. 'राजतरंगिणी' हा बाराव्या शतकातील ग्रंथ, म्हणजे त्या घटनांनंतर कित्येक शतकांनी रचलेला. पुढील अभ्यासकांनी हे मत स्वीकारले नाही.

अंबरनाथचा शिलालेख

वालधुनी नदीच्या काठी, आजच्या अंबरनाथ आणि उल्हासनगर या शहरांच्या सीमेलगत, शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. त्याच्या उत्तर दरवाजाच्या तुळईवर आतील बाजूस एक संस्कृत लेख कोरलेला आहे. भाऊ दाजींनी त्याचे वाचन प्रसिद्ध केले आणि त्यातील वर्ष शके ७८२, म्हणजे इ.स. ८६०, असे दिले. त्यामुळे हे मंदिर नवव्या शतकातील ठरले. जेम्स फर्ग्युसन यांच्यासारख्या वास्तुकलेच्या इतिहासकारानेही ते वर्ष ग्राह्य धरले.

ही तारीख मात्र इतर साधनांशी जुळत नव्हती. लेखात शिलाहार राजा माम्वाणी, म्हणजेच मुम्मुणी, याचे आणि छित्तराजाचे नाव येते. छित्तराजाचा भांडुप येथे सापडलेला ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ.स. १०२६ चा आहे. भगवानलाल इंद्रजी यांनी पुढे लेखाची पुन्हा तपासणी केली, तेव्हा वर्षाचा पहिला अंक सात नसून नऊ असल्याचे त्यांनी दाखवले. लेखाचे वर्ष शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० ठरले. हाच निर्णय आज सर्वमान्य आहे.

एका अंकाच्या वाचनाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले, आणि ही दुरुस्ती भाऊ दाजींनीच घडवलेल्या सहकाऱ्याने केली. भाऊ दाजींचे वाचन त्या ठिकाणी चुकले, परंतु मूळ लेखाकडे परत जाऊन तपासण्याची पद्धत बिनचूक होती. त्याच पद्धतीने चूकही दुरुस्त झाली. साधनाची प्रत्यक्ष पाहणी, वाचनाची फेरतपासणी आणि समकालीन साधनांशी तुलना या तिन्ही पायऱ्या या एका उदाहरणात दिसतात. त्यामुळे इतिहासाच्या अध्यापनात ते विशेष उपयुक्त ठरते. १९४९ मध्ये वसलेल्या उल्हासनगरसारख्या नव्या शहरातील विद्यार्थ्यालाही जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचे अस्सल साधन चालत जाण्याच्या अंतरावर पाहता येते.

अखेरचा काळ

१८६५ मध्ये मुंबईतील शेअरबाजार कोसळला. त्यात भाऊ दाजींनाही मोठी आर्थिक झळ बसली. तरीही वैद्यकी, सार्वजनिक कामे आणि संशोधन यांपैकी काहीही त्यांनी सोडले नाही. या तिन्हींचा भार एकट्यावर असल्याने जमवलेल्या साधनांच्या मानाने त्यांचे प्रकाशित लेखन थोडे राहिले. मे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

भाऊ दाजींचे इंग्रजी निबंध रामचंद्र घोष यांनी संकलित करून १८८८ मध्ये कलकत्त्याहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांच्या संग्रहातील संस्कृत हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत त्यांच्या नावाने जतन केलेली आहेत. भगवानलाल इंद्रजी यांनी हेच कार्य पुढे नेले आणि १८८२ मध्ये नालासोपारा येथील स्तूपाचे उत्खनन केले. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. मुंबईत माटुंगा येथील एक रस्ताही त्यांच्या नावाने ओळखला जातो. अंबरनाथच्या मंदिरातील लेख मात्र त्यांनी जेथे वाचला तेथेच आहे.